बारा पॉइंट सहा

आमच्या साडूंना फोनवर ‘कसे आहात?’ विचारलं की ते आकडा सांगतात. ‘बारा पॉइंट सहा’ म्हणजे उत्तम. ‘बारा पॉइंट चार’ म्हणजे जेवणं झाली, वाचत पडलोय, काळजी नाही. ‘बारा पॉइंट दोन’ म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो. पंगत उठायची आहे आणि पातेल्यात भात दिसत नाहीये, अशा वेळी यजमानांचा येतो तसा. आणि एकदा एप्रिलमध्ये पहाटे त्यांचा फोन आला होता.

‘‘अरे, बारा वाजले.’’

मी अर्धवट झोपेत घड्याळ बघितलं. ‘‘तीन वाजलेत, अण्णा.’’

‘‘बॅटरीचे,’’ ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. बोलण्यात फोनचीही बॅटरी का घालवावी?

हा आकडा त्यांच्या कॅम्पर ट्रेलरच्या बॅटरीचा. लेड-अ‍ॅसिडची ही बॅटरी भरलेली असली की १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ ला निम्मी झालेली असते आणि १२ वर आली की संपल्यातच जमा. निम्म्याच्या खाली वारंवार नेली तर तिचं आयुष्यही घटतं. मराठीत माणसाचे ‘बारा वाजतात’ ते याच कारणाने, असं अण्णांचं ठाम मत आहे. वाक्प्रचार जुना की बॅटरी जुनी, असा प्रश्न मी एकदा काढला होता. ‘‘पूर्वजांना ठाऊक असणार,’’ एवढंच बोलून त्यांनी तो मिटवला.

अण्णा कंजूष नाहीत, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. लग्नकार्यात आहेर सढळ हाताने करतात. मंडळाच्या गणपतीला वर्गणी मागायला जावं लागत नाही. पैसे गेल्याचं त्यांना दुःख नसतं. त्यांचा जीव तुटतो तो काही ‘वाया गेलं’ की. पैसे खर्च होतात, म्हणजे कुठेतरी कुणाच्या तरी उपयोगी पडतात. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा मात्र कुणाच्याच उपयोगी पडत नाही. ते वाया जाणं थांबवण्यासाठी अण्णा वाटेल तेवढा खर्च करतात. या जातीची माणसं तुमच्याही घरात असतील. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी चपला काढतात आणि मग मोकळ्या खोलीतला पंखा बंद करतात, तीच ही.

याचं मूळ मिरजेतल्या वाड्यात. सत्तरीचं दशक, सगळ्या वाड्याला मिळून एक मीटर, तो मालकांच्या सोप्यात. भाडेकरूंना दर महिन्याला पॉइंटमागे पैसे. अण्णांच्या दोन खोल्यांत मिळून पॉइंट दोन, त्यातला एक झिरोचा. रात्री दहानंतर खोलीत मोठा दिवा दिसला की मालक अंगणातून नुसतं खाकरत. त्यामुळे दहावीचा अभ्यास झिरोच्या उजेडात झाला. पुढे अमेरिकेत आल्यावर बऱ्याच वर्षांनी, पन्नाशीला टेकलेले असताना, अण्णांना कुठेतरी वाचायला मिळालं की झिरोचा बल्ब झिरो नसतोच, तो चांगली पंधरा वॉट खातो. जुन्या मीटरचं चाक तेवढ्याला हलत नसे, म्हणून त्याला झिरो म्हणायची पद्धत पडली. ते वाचून अण्णा दोन दिवस गप्प होते. मालकांना आयुष्यभर फसवलं याचं वाईट वाटत होतं, की पंधरा वॉट जळत असूनही उजेड इतकाच कसा होता याचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता राहतात न्यू जर्सीमधल्या एडिसन गावात. नियतीने जागा नेमून दिली असावी तशी. १९५४ पर्यंत या गावाचं नाव रॅरिटन टाउनशिप होतं. मग मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेची आठवण म्हणून ते एडिसन झालं. १८७९ मध्ये एडिसनने आपला बल्ब जळता ठेवला तो इथेच. प्रयोगशाळेच्या जागी आता उंच मनोरा आहे आणि मनोऱ्याच्या डोक्यावर तेरा फुटांहून उंच काचेचा बल्ब. भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना नायगारा दाखवतात. अण्णा आधी ओक ट्री रोडवर जिलबी खाऊ घालतात आणि मग या बल्बाखाली उभं करतात. तिथे हात जोडतात आणि म्हणतात, ‘‘मोठा माणूस. पण पाच-दहा टक्केच उजेड. बाकी सगळी उष्णता. वाया!’’

चौदा वर्षं मी हे ऐकतोय. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत जन्म गेला त्यांचा. एडिसनलाही ते शेरा मारल्याशिवाय सोडत नाहीत.

ट्रेलर घेण्याचं कारणही दिवाच. निवृत्तीनंतर ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीला, घेऊन फिरायला निघाले, तर एका हॉटेलच्या न्हाणीघरात एका बटणावर आरशाचे चार दिवे लागत होते. एक लावायचा तर चारही लागणार. अण्णांनी हाताला टॉवेल गुंडाळून त्यातले तीन अर्धे-अर्धे आटे सैल केले. सकाळी खोली सोडताना ते पुन्हा घट्ट करायला विसरले आणि साठ मैल गेल्यावर आठवलं. ताई म्हणते, त्या दिवशी गाडी परत वळवायला निघालेल्या माणसाला मी पदर पसरून थांबवला. जीन्स घालून पदर कसा पसरला हे विचारू नये. घरी आल्यावर अण्णांनी जाहीर केलं की यापुढे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

बिऱ्हाड अठरा फुटी, सेकंडहँड, बहुतेक ट्रेलरांप्रमाणे इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टकडचं. एक पलंग, मोडून पलंग होणारं एक टेबल, दोन चुलींची शेगडी, गॅसवर चालणारा फ्रिज आणि ज्यात वळायला आधी बाहेर यावं लागतं असं न्हाणीघर. ताईला शेगडी आवडली. अण्णांनी छताकडे बघितलं. छताला दुहेरी दिव्यांची सहा तबकडं होती. एकाचं झाकण काढलं, तर प्लास्टिक आतून भाजून पिवळं पडलेलं. आणि आत काय, तर पिनेचा बल्ब!

अमेरिकेत तीस वर्षं आट्याचे बल्ब फिरवून ज्याचं मनगट अमेरिकन झालं, त्या माणसाला काय वाटलं असेल बघा. दाबायचं, थोडं फिरवायचं, पिन खाचेत बसल्याचं बोटाला कळतं. मिरजेच्या होल्डरचं हे धाकटं भावंडच. तिथल्या टोपीची रुंदी बावीस मिलिमीटर, इथल्याची पंधरा. अण्णांनी तो बल्ब काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. पाच वेळा. ताईला वाटलं, माणूस रमला. पण सहाव्या वेळी त्यांनी बल्बवरचा आकडा वाचला आणि रमणं तिथेच संपलं.

आकडा होता ११४१. हा एक बल्ब साधारण एक पॉइंट चव्वेचाळीस अँपिअर ओढतो, म्हणजे सुमारे अठरा वॉट. सहा तबकडं, बारा बल्ब. बाराही लावले तर सतरा अँपिअर. बॅटरी ऐंशी अँपिअर-अवरची, त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे चाळीस. चाळीस भागिले सतरा. अण्णांनी भागाकार पाकिटाच्या मागे केला आणि पाकीट ताईसमोर धरलं.

‘‘सव्वादोन तास! संध्याकाळी सातला दिवे लावले तर सव्वानऊला अंधार!’’

‘‘अहो, एवढ्याशा डब्यात बारा दिवे एकदम लावायचेत कुणाला?’’ ताईने विचारलं.

हा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला, ही गोष्ट नोंदवून ठेवा. उत्तर आजतागायत आलेलं नाही.

एलईडी घ्यायच्या हे ठरलं. अण्णांच्या देवघरात २०१४ च्या नोबेलचे तीन मानकरी आहेत, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा. फोटो नाहीत, पण भक्ती आहे. ‘‘तांबडी एलईडी १९६२ मध्ये आली,’’ ते पाहुण्यांना सांगतात, ‘‘हिरवीही आली. निळी येईना. आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड नाही. या तिघांनी निळी आणली.’’ मग पांढरा कसा होतो, हे ताईच्या हळदीच्या डब्याच्या साक्षीने सांगतात: निळ्या दिव्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप लावला की निळं नि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. ‘‘निळी नवरी, तिला हळद लावली की झाली गोरी,’’ हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान नऊ वेळा ऐकलंय आणि दर वेळी पाहुण्यांतला एकजण हसतो.

पहिली खेप आली ती स्वस्तातली आणि सहा हजार केल्विनची. केल्विन जितके जास्त तितका उजेड पांढरा, निळ्याकडे झुकणारा. पण अण्णांना वाटलं जास्त म्हणजे जास्त चांगलं. बाराही दिवे लावले. ट्रेलर अंगणातच उभा होता, आम्ही कांदेपोहे खायला आत बसलो होतो. पोहे राखाडी दिसले, कोथिंबीर काळी, लिंबाची फोड निळसर. समोर बसलेल्या माझ्या बायकोला मी ‘बरं वाटत नाहीये का’ असं विचारलं. ताईने बशी खाली ठेवली. ‘‘अहो, मला आधी भूल द्या, मग वाढा,’’ ती म्हणाली.

आणखी एक झालं. दोन तबकडं लागलीच नाहीत. अण्णांनी त्यातले चार दिवे सदोष म्हणून परत पाठवले, चार नवे मागवले, तेही लागेनात. मग मल्टिमीटर घेऊन छताला डोकं लावून दोन तास उभे राहिले आणि शोध लागला: कारखान्यात त्या दोन तबकडांच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. जुन्या बल्बला याचं काही नव्हतं. तार तापणार, मग वीज इकडून येवो की तिकडून. ‘‘बल्ब संसारी माणूस,’’ अण्णा म्हणाले, ‘‘कुठूनही या, जेवून जा. एलईडी सोवळ्यातली. योग्य बाजूने आलात तरच ओळख देईल.’’ कारखान्याची चूक इतकी वर्षं झाकून ठेवली होती ती एडिसनच्या बल्बने, याचं कौतुक मात्र त्यांनी केलं नाही. मी केलं. त्यावरून मला सुनावलं गेलं.

दुसरी खेप तीन हजार केल्विनची, पिवळा उजेड, पोहे पुन्हा पोह्यांसारखे. सगळे खूश. फक्त रेडिओ लावला की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. अण्णा रेडिओ हातात घेऊन एकेका दिव्याखाली उभे राहिले, आणि एकेक दिवा विझवला तशी मोहरी एकेक दाण्याने कमी झाली. स्वस्त दिव्यांत व्होल्टेज सांभाळणारं जे चिमुकलं सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं आणि धड बांधलेलं नसलं की आसपासच्या रेडिओच्या कानात ओरडतं. ताई म्हणाली, रेडिओ लावू नका. हा फार मोठा विचार होता. तो वाया गेला.

तिसरी खेप बरीच महाग. दहा ते तीस व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी निमूट जळणारे दिवे. बॅटरी नावाची बारा व्होल्टची असली तरी चार्ज होताना चौदाच्या पुढे जाते, आणि नेमक्या बाराच्या भरवशावर बनवलेले दिवे त्या धक्क्याने लवकर मरतात, म्हणून हे हवेत. एकेक दिवा पॉइंट दोन अँपिअर. बारा दिवे दोन पॉइंट चार. सतराचे दोन पॉइंट चार! चाळीस भागिले दोन पॉइंट चार, साडेसोळा तास. पाकिटाची मागची बाजू संपली होती. हा भागाकार पुढच्या बाजूवर, आयकर खात्याच्या पत्त्याच्या खाली झाला.

मी हिशेबात कच्चा आहे, पण त्या रात्री मलाही मोह आवरला नाही. तीन खेपा आणि मल्टिमीटर धरून अण्णांचे दोनशे ऐंशी डॉलर गेले होते. वाचणार किती? साधारण पावणेदोनशे वॉट, रोज चार तास, वर्षातून दहा मुक्काम, म्हणजे वर्षाला सात युनिट. युनिटला वीस सेंट धरले तर एक डॉलर चाळीस सेंट. दोनशे वर्षांत पैसे वसूल. मी हे अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तपासलं आणि भागाकार बरोबर आहे म्हणून मला शाबासकी दिली.

पण खरा वार पुढेच होता, आणि तो मी केला नाही. तो एका कॅम्पग्राउंडच्या खांबाने केला.

अण्णा आणि ताई जिथे जिथे जात, त्या सगळ्या जागांवर विजेचा खांब असे. ट्रेलरची जाड केबल खांबाला लावायची. मग आतला कन्व्हर्टर एकशेवीस व्होल्टचे बारा करतो, दिवे त्यावर जळतात आणि बॅटरी उलट भरतच राहते. वीज जागेच्या भाड्यातच धरलेली, मीटर नाही. म्हणजे सगळी खटपट करून अण्णांनी वाचवलेली वीज ना त्यांच्या बॅटरीत दिसत होती ना त्यांच्या बिलात. ती आपली कुठेतरी खांबात राहत होती. हे लक्षात आलं तेव्हा ते खुर्ची टाकून बराच वेळ त्या खांबाकडे बघत बसले होते, असं ताई सांगते. साठ वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी केलेली बचतच वाया चालली होती.

यावर मार्ग एकच: जिथे खांब नाही तिथे जाणं.

एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात पोकोनोजच्या डोंगरात खांबाशिवायची जागा धरली. रात्री पारा शून्याच्या खाली. जुने बारा बल्ब म्हणजे, बघायला गेलं तर, दोनशे वॉटचा हिटरच होता छताला. तो अण्णांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलेला. मग फर्नेस लागली. फर्नेस जळते गॅसवर, पण गरम हवा ढकलायचा पंखा फिरतो बॅटरीवर आणि खातो सात अँपिअर. पातळ भिंतींच्या ट्रेलरमध्ये तो फिरतच राहिला. अण्णांनी संध्याकाळभर एकच दिवा लावला होता, पॉइंट दोन अँपिअरचा, आणि ते मिनिटं मोजत होते. डोक्यावर दिवा थेंब थेंब पीत होता आणि पायाशी फर्नेस घागरी उपसत होती. पहाटे तीनला पंखा थांबला, फर्नेस विझली, आणि मला तो फोन आला.

आणखी कुणी असता तर त्याने दुसरी बॅटरी घेतली असती. अण्णांनी निष्कर्ष काढला की परीक्षेचा दिवस चुकला. दिव्यांना न्याय मिळायचा तर रात्र फार थंड नको. जून नको, रात्र आखूड असते, साडेसोळा तासांची परीक्षा कशी व्हायची? सप्टेंबर हवा. आणि चांदणं नको. चांदण्यात दिव्यांची कसोटी काय लागणार? अमावास्या हवी. त्या वर्षी सप्टेंबरातली अमावास्या सर्वपित्री होती.

ताई म्हणाली, ‘‘अमावास्येला कुणी गाव सोडत नाही, आणि सर्वपित्रीला तर नाहीच.’’

अण्णा म्हणाले, ‘‘म्हणूनच जागा मिळेल.’’

जागा मिळाली ती एकच, शेवटची, आणि एवढ्या आडरानात बाकीच्या सगळ्या आधीच कशा भरल्या, याचं त्यांना जरा नवल वाटलं. जागेचं नाव चेरी स्प्रिंग्ज, उत्तर पेनसिल्व्हेनियातलं स्टेट पार्क, चहूबाजूंनी सस्क्वेहॅनॉकचं राखीव जंगल. अण्णांनी पार्कच्या माहितीतलं फक्त ‘वीज नाही’ एवढं वाचलं होतं. त्याखाली काय लिहिलंय ते वाचायचं राहिलं. आम्ही दोघं साक्षीदार म्हणून बरोबर होतो. ताईने सकाळी खीर-वडे केले, कावळ्यासाठी ठेवलेलं पान खारीने नेलं, आणि पाच तासांचा रस्ता ट्रेलर मागे ओढत आम्ही सात तासांत कापला.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आजूबाजूच्या प्रत्येक जागेवर माणसं तिवया उभ्या करत होती आणि त्यांवर पिंपासारख्या दुर्बिणी चढवत होती. दिवेलागणीला त्यांनी कपाळाला दिवे बांधले. सगळे लाल. आणि जसजसा अंधार उतरला तशी सगळी वस्ती देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तसं हलक्या आवाजात बोलू लागली. माझ्या बायकोने मला कोपराने ढोसलं. पण अण्णा आत बटणांशी उभे होते, मल्टिमीटर बॅटरीला जोडलेला, वही उघडी.

‘‘बारा पॉइंट सात. वेळ आठ पन्नास. लावतो हं.’’

बारा दिवे लागले. अठरा फुटांची खोली लग्नघर झाली. पडदे पातळ, आणि छतातल्या हवेच्या झरोक्याला दुधी प्लास्टिकचं झाकण होतं, त्यातून तो सगळा उजेड वर जंगलावर पसरला. बाहेरून एकदम पाच-सहा गळ्यांतून एक आवाज उमटला. आपल्याकडे रात्री सिनेमाच्या मधेच लाईट गेली की थिएटरात उमटतो, तसा. फक्त इथे लाईट आली होती.

दारावर टकटक झाली. सत्तरीचा एक गोरा म्हातारा, कपाळावर लाल दिवा, हातात टोपी. तो फार अदबीने म्हणाला, की तुमचं छप्पर उजळलंय.

अण्णांना वाटलं, कौतुक. ‘‘एलईडी!’’ ते म्हणाले. ‘‘बारा दिवे मिळून फक्त दोन पॉइंट चार अँपिअर!’’

म्हातारा म्हणाला, सुंदर आहेत. बंद कराल का?

मग त्याने समजावून सांगितलं ते अण्णांच्या न वाचलेल्या ओळींत होतं. ही जागा २००८ पासून जगभरात ‘काळोखाचं उद्यान’ म्हणून नावाजलेली आहे. आसपास मैलोन्‌मैल मोठं गाव नाही, म्हणून माणसं तीन-तीनशे मैलांवरून इथे अंधार बघायला येतात, आणि येतात ती अमावास्येलाच. दुर्बिणींच्या मैदानावर तर पांढरा दिवा लावायलाच मनाई. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि एका झगझगीत दिव्याने ती क्षणात जाते. तो स्वतः त्या वेळी देवयानीच्या दीर्घिकेचा फोटो घेत होता, कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून. ती दीर्घिका इथून पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे.

अण्णा काहीतरी बोलणार होते, ते थांबले. मला वाटलं, आता वाद होणार. सतरा विरुद्ध दोन पॉइंट चार, पाकिटाच्या दोन्ही बाजू. पण ते म्हाताऱ्याकडे बघत राहिले आणि माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘म्हणजे तिकडून निघालेला उजेड पंचवीस लाख वर्षं चालत इथवर आला, आणि आपल्यापायी वाया गेला?’’

बाराही दिवे त्यांनी स्वतः घालवले. झरोक्याला ताईची सतरंजी आतून टाचली. फ्रिजवरचा हिरवा ठिपका दिसत होता, त्यावर बँडेजची पट्टी लावली. मल्टिमीटरची पाटी उजळते म्हणून तोसुद्धा वहीखाली पालथा घातला. नंतर आम्ही चौघं बाहेर खुर्च्या टाकून, गोधड्या पांघरून बसलो आणि अंधारातच चाचपडत खीर-वडे खाल्ले. अर्ध्या तासाने डोक्यावरून आकाशगंगा अशी गेली की माझी बायको खीर खायची थांबली. म्हाताऱ्याने अण्णांना बोलावून त्याच्या दुर्बिणीतून देवयानी दाखवली. अण्णांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

‘‘अंधुक आहे,’’ ते परत येऊन म्हणाले. ‘‘झिरोच्या बल्बासारखी.’’

रात्री दहाच्या सुमाराला पलीकडच्या एका तंबूत पांढरा टॉर्च पेटला. कुणी काही बोलायच्या आत आमच्या बाजूने कुणीतरी खाकरलं. टॉर्च विझला. मिरजेच्या मालकांनंतर इतकं अचूक खाकरणं मी तरी ऐकलेलं नाही. आणि मिरजेच्या मालकांचंही मी ऐकलेलं नाहीच.

सकाळी अण्णांनी मल्टिमीटर सरळ केला. १२.६.

‘‘बघ!’’ ते म्हणाले.

‘‘अहो, दिवे लावलेच कुठे आपण?’’ ताई म्हणाली. ‘‘यापेक्षा ते जुने बल्ब काय वाईट होते?’’

अण्णांनी वहीत तारीख लिहिली, तिथी लिहिली, आकडा लिहिला आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. आता दर अमावास्येला जमेल तर ते तिथेच जातात. ट्रेलरातल्या बारा दिव्यांपैकी बारा दिवे नवेकोरे आहेत.

जुने बल्ब त्यांनी अर्थातच टाकलेले नाहीत. गराजमध्ये बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेत. नंबर ११४१, पिनेचे, बारा व्होल्ट, बारा नग, बाराही तपासून चालू असल्याची चिठ्ठी आत आहे. कुणाला खरंच उपयोग होणार असेल तर कळवावं. पोस्टाचा खर्च अण्णा करतील, फक्त दिवे वाया जाणार नाहीत याची लेखी हमी द्यावी लागेल.